कोणती लाईन?

आमच्या कॉलनीत कुणी नुसतं ‘लाईन आली’ म्हणलं तर एकही माणूस घराबाहेर येत नाही. आधी विचारतात, कोणती? विजेची का नळाची? विजेची असली तर पंखाच सांगतो. नळाची असली तर मात्र हातातलं टाकून पळावं लागतं. आता गॅसची पण लाईन येणार म्हणतात. त्यासाठी रस्ता खोदून ठेवलाय. लाईन अजून आली नाही, खड्डा तेवढा वेळेवर आला.

या शब्दाचा मला कंटाळा आलाय, खरं सांगते. माझं वय बासष्ट. त्यातली सत्तावीस वर्षं मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर काढली. बाहेरच्या चार लाईनी, आतली पन्नास टेबलं आणि मधे मी. ‘लाईनवर थांबा’, ‘लाईन एंगेज आहे’, ‘लाईन कट झाली साहेब, परत लावते’. दिवसातून किती वेळा म्हणत असेन, कोण मोजतंय. झोपेत बडबडले तरी हेच बडबडते, असं आमचे हे सांगायचे. त्यात कारखान्याच्या आत आणखी एक लाईन होती, जिच्यावर माल जोडत जोडत पुढं नेतात ती. मी नवी असताना आतून कुणीतरी घाईघाईनं फोन केला, ‘लाईन बंद पडलीय, साहेबांच्या कानावर घाला.’ मी मुकाट्यानं टेलिफोनवाल्यांकडं तक्रार नोंदवली. दुपारपर्यंत सगळी पाळी हात बांधून बसली. मग साहेब माझ्यापुढं येऊन नुसते उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून ‘कोणती लाईन’ हे विचारायची सवय लागली, ती अजून सुटली नाही.

आमचं माहेर लासूर स्टेशनचं. तिथं लहानपणी लाईन एकच होती, रेल्वेची. घर लाईनीच्या अलीकडं. धान्याचा मोंढा, शाळा, दुकानं सगळं पलीकडं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मोंढ्यात मापाडी होते, धान्याची पोती मापून द्यायचं काम. मला शाळेत पोचवायचं काम माझ्या थोरल्या बहिणीचं. तिला आम्ही आक्का म्हणतो. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. माझं मनगट असं आवळून लाईन ओलांडायची, की पलीकडं गेल्यावर मनगटावर बोटं उमटलेली असायची. तिची स्वतःची शाळा चौथीतच सुटली. घरात कुणीतरी पाहिजे होतं, आणि ती थोरली होती. याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि मी पण कधी विचारलं नाही.

आक्काचा आवाज लई मोठा. अण्णांना जेवायला बोलवायचं तर ती अलीकडून हाक मारायची आणि अण्णा पलीकडून उठून यायचे. आई म्हणायची, ‘या पोरीला हळू बोलायचं माहीतच नाय.’ पुढं तिला गावातच दिलं. मी शिकून इकडं शहरात आले, नोकरीला लागले, आणि आक्का बाजारच्या दिवशी नाक्यावरच्या फोनवरून कंपनीत फोन करायला लागली. नाव सांगायची नाही. ‘मी बोलतेय,’ एवढंच. जगात दुसरं कुणी बोलतच नाही अशा थाटात. मी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायचे तरी शेजारच्या टायपिस्टला सगळं ऐकू जायचं. माझी सासू कशी वागते, आमच्या ह्यांचा खोकला गेला का, यंदा कपाशी कशी, म्हशीला काय झालं. बाहेरच्या चारही लाईनींचे दिवे लुकलुकत असायचे. मी म्हणायचे, ‘आक्का, लाईनवर साहेब थांबलेत.’ ती म्हणायची, ‘थांबू दे की मग. कुठं पळून चाललेत व्हय?’

आणि मी ठेवून द्यायचे. प्रत्येक वेळी आधी मीच ठेवला.

त्या शब्दानं मला आयुष्यभर असं घेरलंय. कॉलेजच्या वाटेवर सायकलवाली पोरं लाईन मारायची. लग्न ठरवताना मामानं सांगितलं, मुलगा बँकेच्या लाईनला आहे, चांगली लाईन आहे. मुलगा झाला, तो कॉम्प्युटरच्या लाईनला गेला आणि पुण्याला गेला. आता तो म्हणतो, ‘आई, ऑनलाईन मागव ना, दुकानात कशाला जातेस?’ ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. पेन्शनच्या दाखल्यासाठी दरवर्षी लाईनीत उभं राहून मी जिवंत आहे हे दाखवून येते. खिडकीतला माणूस वर न बघताच शिक्का मारतो. चालायचंच.

पण या सगळ्यांची बाप लाईन म्हणजे नळाची. मी राहते हर्सूलकडं. गच्चीवर उभी राहिले तर तलाव दिसतो, आणि नळाला पाणी येतं आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला मी वाढवून सांगतेय असं वाटतं. आमच्याकडं लग्नाची तारीख काढताना सुद्धा बायका हळूच विचारून घेतात, त्या दिवशी आपला टप्पा तर नाही ना? टप्पा म्हणजे पाण्याची पाळी. ती चुकली की पुढचा आठवडा बादल्या मोजायच्या, नाहीतर टँकरवाल्याचे पाय धरायचे. पाणी येतं तास-पाऊण तास. तेवढ्यात खालचा हौद भरायचा, मोटर लावून वरची टाकी भरायची, ड्रम, हंडे, स्वयंपाकघरातलं पातेलं न् पातेलं. पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, पण किती सोडायचं याला पण डोळा लागतो. मला तो आहे. आपला हात जगन्नाथ, या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

दोन वर्षांपूर्वी एकदा दुसऱ्याच्या हातावर सोडलं होतं. मुलाकडं गेले तेव्हा शेजारच्या आपांकडं चावी देऊन गेले. आपा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या; जिवाला जीव देणारी बाई. नेमक्या त्याच सकाळी त्यांची आई न्हाणीत पडली. त्या तिकडं धावल्या, इकडं हौदातला पाईप निसटला आणि आठवड्याचं पाणी गल्लीतून वाहून गेलं. मी आल्यावर त्या रडल्या. मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही. पण चावी मात्र परत कधी दिली नाही. माझा स्वभावच तसा आहे, तोंडानं काही म्हणायचं नाही आणि मनातलं सोडायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात आक्काचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग गावातल्या डॉक्टरची औषधं, मग इथल्या मोठ्या दवाखान्याच्या चकरा. घशात गाठ निघाली. नको ती गाठ. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटीच काढून टाकावी लागेल, म्हणजे जीव वाचेल. आवाज राहणार नाही. शुक्रवारचं ऑपरेशन ठरलं, गुरुवारी भरती व्हायचं.

त्याच्या आधीच्या रविवारी तिचा फोन आला. आवाज असा, की मी फोन कानाला दाबून धरला तरी नीट ऐकू येईना. ही आमची आक्का.

‘ये गं दोन दिस,’ ती म्हणाली. ‘लई बोलायचंय तुझ्याशी. दवाखान्यात काय बोलता येतंय व्हय? तिथं समदे लाईनीत उभे.’

मी म्हणाले, ‘येते ना. उद्या सोमवार, पाण्याचा दिवस आहे. पाणी भरते आणि मंगळवारी सकाळी निघते.’

‘व्हय, पाणी भर आधी,’ ती म्हणाली. तिला यात काही वावगं वाटलं नाही. पाण्याचं कुणाला वावगं वाटतंय?

सोमवारी पाणी आलंच नाही. सकाळी सहापासून मी नळाला कान लावून होते. दहा वाजता आमच्या भागाचा लाईनमन भेटला. चौकातला व्हॉल्व्ह तोच खोलतो. हातात ती लांब लोखंडी दांडी, डोक्यावर टोपी, आणि चौफेर बायकांचा घोळका. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, पण बोलणी तोच खातो. मला म्हणाला, ‘ताई, उप्पर पाईप फुटा है. आज नइ छूटता. कल तुम्हारी लाईन.’

मी आक्काला फोन केला. म्हणलं, मंगळवारी पाणी आहे, बुधवारी नक्की. ती म्हणाली, ‘बरं.’

मंगळवारी पण दुसऱ्याच लाईनला पाणी सुटलं, आमच्या मागच्या गल्लीला. माझ्या डोळ्यांदेखत तिकडच्या बायका अंगण धूत होत्या. माझा जो संताप झाला, विचारू नका. लाईनमन म्हणाला, ‘कल सुबू, पक्का.’ आपा दारात उभ्या होत्या. त्यांना आक्काचं सगळं माहीत होतं. म्हणाल्या, ‘ताई, तुम जाओ ना. चाबी मेरेकू दो. मोटर मैं लगा लेती. बहेन बुलारी ना तुमकू.’

मी म्हणाले, ‘नको आपा, एका सकाळचा तर प्रश्न आहे. भरून जाते.’

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कळलं मी का नाही म्हणाले ते. मला पण कळलं की त्यांना कळलंय. तरी मी चावी कमरेलाच ठेवली.

आता खरं काय ते पण सांगून टाकते, नुसतं पाण्यावर ढकलण्यात अर्थ नाही. मला भीती वाटत होती. ‘लई बोलायचंय’ म्हणजे काय असेल? शाळेचं असेल का, जी माझ्यामुळं सुटली? आईच्या आजारपणात मी चार दिवस रजा काढून आले आणि तिनं दोन वर्षं काढली, ते असेल का? का मागं काही झालं तर दाजींकडं बघ, असं काहीतरी? साठ वर्षांत तिनं एकदाही बोट दाखवलं नव्हतं, आणि आता आवाज जायच्या आधी दाखवणार असं माझ्या मनानं घेतलं होतं. पाणी नाही आलं तेव्हा चिडले मी, पण आत कुठंतरी बरंही वाटलं. हे मी आजपर्यंत कुणापुढं बोलले नाही.

मंगळवारी संध्याकाळी तिला फोन केला. म्हणलं, ‘आक्का, उद्या पाणी आलं की लगेच निघते. दुपारी तुझ्याकडं.’

घशातून घरघर आली, मग शब्द. ‘ये तुझ्या सवडीनं.’ मग थोडं थांबून, ‘जेवायला ये.’

बुधवारी साडेनऊला पाणी आलं. इतकं छान प्रेशर, कित्येक महिन्यांत तसं आलं नव्हतं. मी हौद भरला, टाकी भरली, ड्रम भरले, कुंड्यांना घातलं, जिना धुतला. हो, जिना सुद्धा धुतला. मोटरच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. साडेअकराला अंघोळ करून पातळ नेसले, तिच्यासाठी शेंगदाण्याच्या मऊ वड्या पिशवीत टाकल्या, कारण तिला गिळायला त्रास व्हायचा. दाराला कुलूप लावते तोच दाजींचा फोन. दाजी म्हणजे आक्काचे मालक, अगदी कमी बोलणारा माणूस.

‘आम्ही शहरातच आहोत,’ ते म्हणाले. ‘पहाटे हिचा श्वास अडकला. गाडी करून आणलं. गळ्याला भोक पाडून नळी टाकलीय. आता बरंय.’

‘बोलतेय का?’ मी विचारलं.

‘नळीत कुठं बोलता येतंय,’ दाजी म्हणाले. ‘आता शुक्रवारी मोठं ऑपरेशन. पेटी काढणार.’

मी विचारलं, मला आधी का नाही कळवलं? ते म्हणाले, ‘कागदाच्या लाईनीत उभा होतो. मग औषधाच्या. हात मोकळा नव्हता.’ मग म्हणाले, ‘दहा वाजता लावला होता एकदा. तुम्ही उचलला नाय. आज तुमच्याकडं पाणी, हे आमच्या ध्यानात आलं.’

तो दवाखाना माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. मी जिना धूत होते तेव्हा ती पंधरा मिनिटांवर होती. आणि तिचा आवाज पहाटेच गेला होता, म्हणजे धावत गेले असते तरी उपयोग नव्हताच. मंगळवारी जायला पाहिजे होतं. सोमवारी जायला पाहिजे होतं. हिशेब कसाही मांडला तरी मी त्यात सापडतेच.

दवाखान्यात आत गेले तर नर्स म्हणाली, ‘लाईन लावलीय, त्या हाताला धक्का लावू नका.’ मी माझ्या सवयीनं विचारलं, कोणती लाईन? तिनं माझ्याकडं बघितलं आणि सलाईनच्या सुईकडं बोट केलं. आक्का टेकून बसली होती. गळ्याला पांढरी पट्टी, मधे नळी, श्वासाबरोबर नळीतून खसखस. मी पिशवी घेऊन खाटेशी उभी राहिले. तिनंच उजवा हात उचलला, मूठ धरून हवेत नळ फिरवला आणि भुवया वर केल्या. पाणी आलं का?

मी मान हलवली. आलं.

तिनं डोळे मिटून मान डोलावली, बरं झालं असं. तिला खरंच बरं वाटलं होतं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. येणारे-जाणारे बाजूनं जात होते. दवाखान्याच्या जिन्यात रडणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांचे हात चांगले होते. महिनाभरानं ती घरी गेली, आणि मी लासूरला गेले. आठ दिवस राहायच्या तयारीनं. मधे आमचा टप्पा येत होता. आपांच्या हातात चावी दिली, म्हणलं, भरलं तर भरा, नाही भरलं तर राहू दे. त्यांनी चावी घेऊन कमरेला खोचली.

आक्काच्या घरात आता फार शांत वाटतं. म्हैस हंबरते, दाजी रेडिओ लावतात, भांडी वाजतात. पण घराचा म्हणून जो एक आवाज होता तो नाही. कुणाला बोलवायचं तर ती वाटीवर चमचा वाजवते. दाजी पटकन वळून बघतात. त्यांना सवय झालीय, मला झालेली नाही. नातवाची एक जुनी दुरेघी वही तिनं बोलण्यासाठी घेतलीय. चौथीतलं अक्षर, मोठं मोठं. लाईन सोडून वर-खाली जातं. ‘च्या’, ‘दूध तापिव’, ‘झोप’, ‘तुझी कंबर कशी हाय’. सगळी वही अशीच भरलीय. मी चाळून बघितली, ती दळण टिपायला बाहेर गेली होती तेव्हा. मी शोधत होते. माझ्याबद्दल काही लिहिलंय का, ते.

काही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. दाजी मोंढ्यात गेले होते. आम्ही दोघी ओसरीवर. रेल्वेची गाडी गेली, तिची धडधड संपली. मग मी विचारून टाकलं. किती दिवस पोटात ठेवायचं?

‘आक्का, तू मला बोलावलं होतंस. लई बोलायचंय म्हणाली होतीस. काय बोलायचं होतं?’

ती माझ्याकडं बघत राहिली. आठवतंय का नाही, ते कळेना. मीच घाईनं म्हणाले, ‘शाळेचं होतं का? का आईच्या दुखण्याचं? मी आले नाही म्हणून? सांग. मी वाईट वाटून घेणार नाही. तुझा हक्क आहे.’

तिचं कपाळ आक्रसलं. काय बोलतेय ही, असं. मग तिनं वही ओढली, पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि लिहायला लागली. एक-एक अक्षर काढत होती. मी खाली बघत होते, तिच्या पायाच्या भेगांकडं. लिहून झाल्यावर तिनं वही माझ्याकडं सरकवली.

‘काय नाय. नुस्तं बोलायचं व्हतं.’

मी म्हणाले, ‘पण काय गं?’

तिनं वही परत घेतली. या वेळी फार वेळ लागला नाही.

‘कायबी. आवाज व्हता तवर.’

मी वाचलं. परत वाचलं. तिनं माझ्या हातातून वही काढून घेतली, मिटली, आणि चहा ठेवायला आत गेली.